बागेतल्या पक्ष्यांना आपली सवय कशी लावायची, आणि कुठे थांबायचं

परवा सकाळी मी पालकाचा वाफा खुरपत होते आणि चिरक या लहान पक्ष्याची मादी माझ्या खुरप्यापासून जेमतेम दोन हातांवर उभी होती. मातकट करडा रंग, शेपटी पार पाठीवर घेतलेली, शेपटीखाली विटकरी डाग. ढेकूळ उलटलं की ती दोन उड्या मारून पुढे यायची, मान तिरकी करून एका डोळ्याने मातीत बघायची आणि मी हात मागे घेतला रे घेतला की अळी उचलायची. ती अळी तिने विटेवर दोनदा आपटली, गिळली, चोच विटेच्या कडेला दोन्ही बाजूंनी पुसली आणि परत माझ्या खुरप्याकडे बघत उभी राहिली. दीड वर्षापूर्वी हीच नाहीतर हिच्यासारखीच मादी मी मागचं दार उघडलं की कुंपणापलीकडे जायची.

मला बऱ्याच जणी विचारतात की तुझ्याकडे पक्षी एवढे जवळ कसे येतात, काय खायला घालतेस. खाण्याचा भाग त्यात सगळ्यात कमी आहे हो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहावं, काय केलं, काय चुकलं ते धरून.

आधी हे समजून घ्या

माझं माहेर जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातलं, कापसाचं आणि केळीचं शेत. लहानपणी बघायचे, वखर चालला की मागे गायबगळे आणि साळुंक्यांची रांग, बैलाच्या खुराजवळून किडे टिपायचे, कोतवाल पक्षी तर म्हशीच्या पाठीवर बसून फिरायचा. आता ट्रॅक्टर आला तरी तेच, एवढा आवाज करतो तरी बगळे चाकाला चिकटून चालतात. पण तेच बगळे, बांधावरून नुसता माणूस त्यांच्या दिशेने चालत आला की उडालेच. म्हणजे पक्षी आकाराला किंवा आवाजाला घाबरतात असं नाही. बैल काय करणार हे त्यांना माहीत असतं, ट्रॅक्टर सरळ जाणार हेही माहीत असतं, माणसाचा मात्र भरवसा नाही. तो थांबतो, वाकतो, दगड उचलतो, टक लावून बघतो.

तर आपल्याला करायचंय ते एवढंच, बागेतला बैल व्हायचंय. रोज तेच, त्याच वेळी, त्याच चालीने. पक्ष्याला हातावर बसवायचं, पिंजऱ्यातल्या पोपटासारखं बोलवायचं हे या लेखात नाही, आणि ते का नाही तेही पुढे सांगते. अंतर किती ठेवायचं हे पक्षी ठरवणार, आपण नाही.

माणसाची भीती सगळीकडे सारखी नसते. डार्विन १८३५ मध्ये गॅलापागोस बेटांवर गेला तेव्हा तिथले पक्षी इतके बिनधास्त होते की त्याने बंदुकीच्या टोकाने ससाणा फांदीवरून ढकलला. तिथे त्यांना मारणारं फारसं कोणी नव्हतंच. इंग्लंडात रॉबिन नावाचा चिमुकला पक्षी बाग खणणाऱ्या माणसाच्या फावड्याशेजारी येऊन उभा राहतो, कारण जंगलात तो रानडुक्कर माती उकरतं त्याच्या मागे असाच फिरतो. आपली चिरक त्याच्यासारखीच किडे खाणारी, जमिनीवर फिरणारी, आणि तिलाही उकरलेली माती आवडते. आपल्याकडे गलोल घेऊन फिरणारी पोरं आहेत, मांजरी आहेत, म्हणून ती जास्त सावध, आणि ते बरोबरच आहे.

पहिले दहा दिवस नुसतं बसायचं

खरंच, नुसतं बसायचं. दाणे नाही, पाणी ठेवलेलं असेल तर असू दे, पण तुम्ही काही करायचं नाही. जागा एकच ठरवा, मी मागच्या ओट्याची पायरी ठरवली. वेळ सूर्य उगवल्यापासूनचा पहिला तास-दीड तास, संध्याकाळी पाच ते साडेसहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नऊनंतर पक्षीही सावलीत चोच उघडी टाकून बसलेले असतात, तेव्हा त्यांना उगाच उडवायचं नाही.

बसताना खालच्या गोष्टी सांभाळा, यातल्या एकेक गोष्टीने फरक पडतो हे मी बघितलंय.

खाली बसा, उभं राहू नका. उभा माणूस आणि बसलेला माणूस यांच्यात पक्ष्यांच्या लेखी खूप फरक असतो.

टक लावून बघू नका. साळुंकीच्याच कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांवर प्रयोग झालेत, माणसाचे डोळे खाण्याच्या थाळीकडे वळलेले असले की ते खायला उशिरा येतात. मी भाजी निवडत बसायचे, शेवग्याच्या शेंगा सोलायच्या, लसूण सोलायचा, अधूनमधून कडेने बघायचं.

चालताना सरळ त्यांच्या दिशेने जाऊ नका, तिरकं जा, जसं काही आपल्याला पलीकडच्या लिंबाकडेच जायचंय. आणि हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तो त्यांच्यासाठी दगड मारायचा हात आहे. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले की अजूनही सगळे उडतात.

कपडे शक्यतो तेच, मी एक जुना करडा शर्ट बागेसाठीच ठेवलाय. कपडेच ओळखतात की चेहराही, असं कोणी विचारलं तर कावळे नक्कीच चेहरा ओळखतात. अमेरिकेत सिएटलला २००६ मध्ये संशोधकांनी एक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले, नंतर कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे ओरडून अंगावर यायचे, ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेसुद्धा बाकीच्यांचं बघून शिकले. म्हणून घरातल्या लहान पोरांना पहिल्या दिवशीच सांगा, कावळ्याला दगड मारायचा नाही. तो विसरत नाही, आणि कावळीण घरट्यावर असते त्या उन्हाळ्याच्या दिवसांत बरोबर टाळूवर चोच मारते. तेव्हा छत्री घेऊन जा, भांडू नका.

पाणी

खान्देशात तुम्ही दुसरं काही केलं नाही आणि फक्त पाणी ठेवलं तरी निम्मं काम झालं. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकून ते अंग थंड करतात आणि त्यात अंगातलं पाणी जातं.

भांडं मातीचं, पसरट. कुंभाराकडे कुंडीखालची थाळी मिळते ती उत्तम. स्टीलची परात नको, उन्हात चटका बसतो आणि पाय घसरतात. पाणी दोन बोटं, फार तर तीन बोटं खोल, मध्ये एक खडबडीत दगड ठेवायचा म्हणजे लहान पक्षी दगडावरून पाण्यात उतरतात. जागा सावलीतली, आणि ही महत्त्वाची गोष्ट, झुडपापासून सहा-सात फुटांवर. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर त्यात दबा धरते आणि एकदम उघड्यावर ठेवलं तर शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आला की लपायला जागा नाही.

पाणी रोज बदला आणि थाळी दोन-तीन दिवसांनी काथ्याने घासा, साबण नको. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, म्हणून घासणं. बर्फ टाकायचा नाही, साखर-मीठ घालायचं नाही.

माझ्याकडे पाण्यावर आधी होले आले, मग बुलबुल, मग सातभाई अख्खी टोळी घेऊन. सातभाईंची आंघोळ बघण्यासारखी असते, एक आत, बाकीचे काठावर कलकल करत नंबर लावून. चिरक सगळ्यात शेवटी आली, सव्वीस दिवसांनी.

खायला काय, आणि त्याहून जास्त काय नाही

दाणे खाणारे म्हणजे चिमण्या, होले, मुनिया. माझी आजी चिमणीला चिडी म्हणायची, दळण पाखडून झालं की सुपातली कणी अंगणात टाकायची आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घराच्या भिंतीतल्या भोकांतून चिड्या भराभरा खाली यायच्या. आता धाब्याची घरं गेली, स्लॅब आले, भोकं गेली आणि चिड्याही कमी झाल्या. यांच्यासाठी बाजरी, दादर (रब्बी ज्वारी), तांदळाची कणी चालते. मूठभरच, तासाभरात संपेल एवढं. उरलं तर उचलून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

आता नीट वाचा. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही टाकू नका. ते गुलाबी, लाल, निळं रंगवलेलं असतं ना, त्यावर बुरशीनाशक-कीटकनाशक चोळलेलं असतं. आपल्याकडे घरोघरी शेती, उरलेली अर्धी पिशवी ओसरीत पडलेली असते आणि कोणीतरी चांगल्या मनाने म्हणतं की वाया कशाला घालवायची, पाखरांना टाका. ते विष आहे. धुऊनही नको.

शेव, फरसाण, पाव, खारे दाणे, उरलेली भाजी हेही नको. मीठ आणि तेल त्यांच्या अंगाला झेपत नाही. दूध तर मुळीच नाही.

पारव्यांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दाणे मोकळे पसरले की चार दिवसांत पारवेच पारवे आणि चिमण्या हद्दपार. मी दीड-दोन इंची चौकोनांच्या जाळीचा खोका उलटा ठेवलाय, आत दाणे. चिमणी, मुनिया आत शिरते, पारवा बाहेर फेऱ्या मारून निघून जातो.

पण ज्यांच्याशी खरी ओळख व्हायची ते चिरक, दयाळ, शिंपी, नाचण हे सगळे किडे खाणारे, त्यांना दाण्याचं काही नाही. त्यांच्यासाठी एकच करायचं, बागेत फवारणी बंद. पालापाचोळा जाळायचा नाही, एका कोपऱ्यात ढीग करून ओला ठेवायचा, आठवड्याला एकदा काट्याने उलटायचा. खाली गांडुळं, उधई (वाळवी), अळ्या, सगळं तयार असतं. मी ढीग उलटायच्या आधी खुरपं दगडावर तीनदा टक टक वाजवते. महिनाभराने त्या आवाजालाच चिरक कुंपणावर येऊन बसायला लागली. चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते बरं का, त्यामुळे नुसत्या दाण्याने चिमण्या वाढत नाहीत.

झाडांचं थोडक्यात सांगते. जास्वंद आणि शेवग्याच्या फुलांवर सूर्यपक्षी, कढीपत्त्याच्या फळांवर बुलबुल, पपई एखादी झाडावरच पिकू द्या म्हणजे तांबट पक्षी येतो. मेंदीचं दाट कुंपण असेल तर त्यात सगळ्यांना लपायला जागा.

अंतर कमी करणं

माझ्या मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, एकेक फरशी दोन फुटांची, त्यामुळे मोजायला सोपं गेलं. तुमच्याकडे माती असेल तर विटा मांडा. पहिल्या दिवशी चिरक मला बघून उडाली तेव्हा आमच्यात अकरा फरशा होत्या, म्हणजे बावीस फूट. वहीत लिहून ठेवलं.

मग बसायची जागा तीन-चार दिवसांनी फक्त एक फरशी पुढे. पक्षी नेहमीसारखा वागत असेल तरच पुढे, नाहीतर एक फरशी मागे आणि परत आठवडा. घाई केली की महिन्याची मेहनत जाते. एकदा पाहुणे आले म्हणून मी त्यांना दाखवायला दोन फरशा पुढे सरकले, ती उडाली ती पाच दिवस आलीच नाही.

पक्षी नेहमीसारखा आहे की नाही हे कसं ओळखायचं? मान ताठ, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, पंख किंचित सुटे, खाणं थांबलेलं, म्हणजे तुम्ही हद्दीवर आहात, तिथेच थिजा आणि हळूच नजर वळवा. शेपटी झटकत चिर्र चिर्र करत असेल तर हद्द ओलांडलीत. पिसं विंचरतोय, चोच पुसतोय, आंघोळ करतोय, तुमच्याकडे पाठ करून खातोय, म्हणजे तुमची सवय झाली. पाठ करणं ही मला सगळ्यात मोठी पावती वाटते.

सगळे पक्षी एकाच वेगाने जवळ येत नाहीत. साळुंकी आणि कावळा आठवड्यात, बुलबुल महिन्यात, सातभाई टोळीतला एक आला की बाकीचे. चिरक-दयाळ दोन-तीन महिने. थंडीत थिरथिरा येतो तो मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्याजवळच्या कुंडीवर येऊन बसतो, शेपटी थरथरवत. भारद्वाज, टकाचोर वर्ष झालं तरी लांबच. जून-जुलैत घरट्यातून नुकती निघालेली बुलबुलाची पिल्लं तर माणसाला घाबरतच नाहीत, त्यांना अजून काही माहीतच नसतं, तेव्हा आपणच लांब राहायचं.

जवळ बसलेला प्रत्येक पक्षी धीट झालेला नसतो

हे मला उशिरा कळलं. रोज लांब राहणारा पक्षी एकदम जवळ जाऊ देतोय, पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, तर तो आजारी आहे किंवा उन्हाने बेजार झालाय. मेमध्ये दुपारी असे होले, पारवे सापडतात. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, खाली जुनं सुती कापड घालून, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. वाटीत पाणी ठेवा पण चोच उघडून ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. ऊन उतरलं की खोकं उघडून बाजूला व्हा, बहुतेक उडून जातो. जखम असेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

पक्षी मेलेला दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, आणि एकदम दोन-चार दिसले तर कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच खान्देशातल्या नवापूरला झाला होता, तो कोंबड्यांमध्ये होता, पण थाळ्या घासल्यावर साबणाने हात धुवायची सवय त्यासाठीच लावून घ्या.

जमिनीवर पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी पिसं बघा. पिसं आलेली आहेत आणि उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच असतात, फक्त मांजरीपासून वाचवून फांदीवर ठेवा. उघडंनागडं असेल तर घरटं शोधून परत आत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते असं म्हणतात ते खरं नाही. घरी आणून पाळायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट, साळुंकी, बुलबुल, मुनिया, कुठलाही पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

आणि घरट्यापाशी तुमची ओळख चालत नाही. जी चिरक खुरप्याजवळ येते तीच घरट्याच्या दहा फुटांत मी गेले तर अळी चोचीत धरून कुंपणावर ताटकळते, आत जात नाही, आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी. तेव्हा तो कोपरा महिनाभर बंद ठेवा, मोबाईल घेऊन फोटो काढायला जायचंच नाही.

कुठे थांबायचं

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक साळुंकी होती, डाव्या पायाचं एक बोट नसलेली. ती माझ्या हातावरून केळ्याचा तुकडा घ्यायची. मला खूप कौतुक होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. ती सगळ्याच माणसांना माझ्यासारखं समजायला लागली आणि एक दिवस गल्लीतल्या एका घरात ताटावर जाऊन उतरली, तिथे लहान मूल जेवत होतं, ते किंचाळलं, घरातल्या बाईंनी घाबरून हातातली केरसुणी मारली. मला संध्याकाळी कळलं. त्या बाईंची काही चूक नव्हती, लेकराच्या अंगावर पाखरू आलं तर कोणीही तेच करेल. चूक माझी होती, मी तिची भीती काढून घेतली आणि त्या बदल्यात तिला दुसरं काही देऊ शकले नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. हातावर काही द्यायचं नाही. दोन फरशा, म्हणजे चार फूट, याच्या आत मी स्वतःहून जात नाही. खुरपताना ती आपण होऊन आली तर आली, पण मी हात पुढे करत नाही. घरात शिरू द्यायचं नाही, खिडकीत दाणे ठेवायचे नाहीत. मांजर दिसली तर मी टाळ्या वाजवते आणि सगळे पक्षी उडतात, मलाही घाबरून उडतात, ते तसंच राहू द्यायचं. शिक्रा मात्र आला आणि त्याने होला उचलला तर मध्ये पडायचं नाही, त्यालाही पिल्लं असतात. बुलबुल आणि खारी एकदम ओरडायला लागल्या की मी काम थांबवून खाली बघते, दोनदा तिथे साप निघालाय.

गावाला जाताना

मेच्या सुट्टीत आपण सगळेच गावाला जातो आणि नेमके तेव्हाच पक्षी पाण्यावर आलेले असतात. दाणे जायच्या आठ-दहा दिवस आधीपासून थोडे थोडे कमी करत बंद करा, त्यांना दुसरीकडे शोधायची सवय राहते. पाणी मात्र बंद करायचं नाही, कोणालातरी सांगून जा. मी शेजारच्या वहिनींना सांगते. पहिल्या वर्षी त्यांनी थाळी नेहमीच्या जागी भरली आणि चार दिवस तिथे कोणी फिरकलंच नाही, वहिनींचा फोन आला की तुमचे पक्षी रुसले वाटतं. रुसले नव्हते, त्यांना वहिनी नवीन होत्या. दुसऱ्या वर्षी मी जायच्या आधी आठवडाभर वहिनी रोज सकाळी माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या, चहा घेत, आणि शेवटचे तीन दिवस थाळी त्यांनीच भरली. परत आले तर वहीत त्यांच्या अक्षरात रोजची नोंद होती: बुलबुल दोन, सातभाई सात, चिरक नर, आणि शेवटच्या पानावर, चिरक मादी, माझ्यापासून पाच फरशा.